डाव्या कोपऱ्यात कोण?

सुरत सोडून गाडी उत्तरेकडे निघाली, की आधी तापीचा पूल लागतो, मग उत्राण आणि त्यानंतर कोसाड. पोटापाण्यासाठी खानदेश सोडून आलेली जी कुटुंबे येथे उतरली, त्यांतली पुष्कळशी येथलीच होऊन गेली. आम्हीही त्यांतलेच. आमच्या घरात मराठी, ओट्यावर अहिराणी आणि बाजारात गुजराती अशा तीन भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. वाद होतात ते भाषेवरून नव्हेत, कबड्डीवरून होतात.

आषाढ सरत आला, की या वादाला ऊत येतो. गणेशोत्सवातील सामन्यांसाठी मंडळाचा संघ निवडावयाचा असतो आणि श्रावणाच्या पहिल्या रविवारी सरावाचे शिबिर सुरू व्हावयाचे असते. संघ बारा जणांचा. सात मैदानात आणि पाच राखीव. यंदा अकरा नावे चहाच्या पहिल्या कपाबरोबरच ठरली. घोडे अडले ते बाराव्या नावावर.

एका बाजूस एक चढाईपटू. वय बाविसाच्या आतबाहेर, अंगाने शिडशिडीत, पायांत मात्र वीज. गेल्या वर्षी एका चढाईत तीन गडी टिपून तो असा परतला, की पलीकडच्या मंडळाच्या लोकांनीही टाळ्या वाजविल्या. परंतु तो लूमच्या खात्यात रात्रपाळी करतो. बारा तासांची पाळी संपवून आल्यावर सकाळच्या सरावास येणे त्यास जमत नाही. महिन्यातून दोनदा आला तरी खूप. दुसऱ्या बाजूस डावा कोपरा सांभाळणारा एक मुलगा. आयटीआयमध्ये शिकतो. वर्षभरात त्याचा एकही सराव चुकलेला नाही. सर्वांच्या आधी येऊन मैदानावरचे खडे वेचणे आणि फक्कीने रेषा आखणे, ही कामे त्यास कोणी सांगितलेली नाहीत. तो ती करतो एवढेच. चढाई म्हणाल, तर तीस सेकंद दम घुमवून रिकाम्या हाताने परत येईल. पण घोटा त्याच्या हाती सापडला, की सुटणे कठीण.

आमचे मेहुणे चढाईपटूच्या बाजूचे. ते म्हणाले, "सामना कोण जिंकून देतो? चढाईपटू! आपल्या गुजरातचेच पाहा ना." आणि त्यांनी प्रो कबड्डीचा इतिहास उलगडला. २०१७ साली गुजरातचा संघ या लीगमध्ये प्रथमच उतरला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या संघाचे बळ बचावात होते. डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली आणि उजव्या कोपऱ्यात त्याचाच देशबंधू अबोझर मिघानी. त्या दोन कोपऱ्यांमधून निसटणे भल्याभल्यांस जमले नव्हते. पण अंतिम सामन्यात समोर आला पाटण्याचा प्रदीप नरवाल. त्या एका हंगामात त्याने चढायांचे ३६९ गुण मिळविले होते. अंतिम सामन्यात त्याने एकट्याने १९ गुण घेतले आणि पाटण्याने ५५-३८ अशी बाजी मारली. पुढच्याच हंगामात गुजरात पुन्हा अंतिम सामन्यात. ५ जानेवारी २०१९, मुंबई. पूर्वार्धात गुजरात पुढे होता. उत्तरार्धात बंगळूरच्या पवन सेहरावतने असा काही झपाटा लावला, की त्याचे एकट्याचे २२ गुण झाले आणि सामना ३८-३३ असा हातचा गेला. "दोनदा!" मेहुणे दोन बोटे नाचवीत म्हणाले, "दोनदा आपली भिंत उत्तम होती आणि दोन्हीदा एकाच माणसाने ती ओलांडली."

शेजारचे निवृत्त मास्तर शिस्तीचे भोक्ते. जो सरावास नाही, तो संघात नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारले, "त्याच पवनचे पुढे काय झाले, तेही सांगा की."

मास्तरांचे म्हणणेही खोटे नव्हते. २०२२ साली तमिळ थलायवाज संघाने पवनसाठी २ कोटी २६ लाख ५० हजार रुपये मोजले. पहिलाच सामना होता गुजरातशी. त्यात पवनचा गुडघा दुखावला आणि सगळा हंगाम तो बाहेर बसला. लोकांनी त्या संघावर फुली मारली. परंतु नरेंदर नावाचा एक नवखा मुलगा चढाईला उभा राहिला आणि जो संघ तोवर कधी उपान्त्य फेरीही पाहू शकला नव्हता, तो त्याच वर्षी तेथे पोहोचला. पुढच्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. लीगमधील तोवरची ती सर्वांत मोठी बोली. त्या संघाने बावीस सामन्यांपैकी दोन जिंकले आणि तळ गाठला. आणि त्या हंगामाचे विजेतेपद? पुण्याच्या संघाने मिळविले. त्या संघाने सर्वाधिक पैसा ओतला होता तो डाव्या कोपऱ्यावर, इराणच्या मोहम्मदरेझा शाडलुईवर, २ कोटी ३५ लाख. हाच शाडलुई दुसऱ्या वर्षी हरियाणाकडे गेला आणि विजेतेपदही हरियाणाकडे गेले. २०२५ च्या लिलावात २ कोटी २३ लाखांना त्यास गुजरातने घेतले, तेव्हा आमच्या ओट्यावर पेढे वाटले गेले होते, हे मेहुण्यांना आठवत असेलच.

मेहुण्यांना आठवत होते. पेढे त्यांनीच आणले होते.

आम्ही त्या संध्याकाळी मास्तरांच्या बाजूने तावातावाने बोललो. चढाईपटू म्हणजे देवघरातली समई. ती उजळते खरी, पण तेल घालणारा हात दिसत नाही, वगैरे बरेच काही. मंडळी पांगल्यावर सौ. कपबशा आवरीत होती. तिने वर न पाहता विचारले, "तुम्ही त्या पोराची बाजू घेत होता, की तुमची स्वतःची?"

आम्ही काहीच बोललो नाही. उत्तर आम्हांस ठाऊक होते.

वाचकहो, ही हकीगत आम्ही आजवर कोणास सांगितली नाही. तरुणपणी आम्ही गावाकडे डावा कोपरा सांभाळीत असू. यात्रेतले सामने तोंडावर आले होते. वर्षभर आम्ही घाम गाळला होता आणि सामन्याच्या आदल्या रात्री आमचे नाव खोडून बाहेरगावचा एक नावाजलेला चढाईपटू संघात घेण्यात आला. निरोप घेऊन आलेल्या माणसाने आमच्या डोळ्याला डोळाही भिडविला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गर्दीत उभे होतो. त्या पाहुण्याने पहिल्या चार चढायांत पाच गुण मिळविले आणि गाव नाचू लागले. पाचव्या चढाईत त्याची पकड झाली. तो जो रेषेबाहेर जाऊन बसला, तो बसूनच राहिला. कारण कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या पायांनी परत येत नाही. जुन्या काळी या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार होते. आज सर्वत्र खेळला जातो तो संजीवनीच्या वाटेने आलेला खेळ. सहकाऱ्यांनी समोरचा एक गडी बाद करावा, तेव्हा आपला एक गडी जिवंत व्हावा. त्या दिवशी डाव्या कोपऱ्यात उभा होता, त्यास त्या जागेची सवय नव्हती. समोरचे चढाईपटू येत, त्याच कोपऱ्यातून गुण घेऊन जात. आमच्या गावावर लोण चढण्याची वेळ आली. बाहेर बसलेला पाहुणा नुसती माती उकरीत होता.

गाव हरले आणि आम्हांस आनंद झाला. सारे गाव खाली मान घालून घराकडे वळत असता आमच्या छातीत काहीतरी सुखावत होते. त्या सुखाची लाज पुढे कित्येक वर्षे पुरली. सौ.ने नेमका त्यावरच हात ठेवला होता.

रात्री झोप आली नाही. हळूहळू एक गोष्ट उमगली. आपल्यावर अन्याय झाला तो चढाईपटूला घेतले म्हणून नव्हे; न खेळविता आपले नाव खोडले म्हणून. आणि आज आम्ही नेमके तेच करावयास निघालो होतो, फक्त खोडले जाणारे नाव दुसऱ्याचे होते. रात्रभर लूमसमोर उभा राहणारा मुलगा पहाटेच्या सरावास येत नाही, हा त्याचा आळस नव्हे. सरावाची वेळ आम्हीच ठरविली होती, आणि ती आम्हां म्हाताऱ्यांच्या सोयीची होती. पहाटे आम्हांस जाग येते म्हणून!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गोष्टी मांडल्या. शिबिर सायंकाळी साडेपाचला घ्यावे. रात्रपाळीवाल्यास कामावर जाण्याआधी दीड तास मिळेल. दिवसपाळीच्या दोघांसाठी रविवारची सकाळ राखावी. आणि दुसरी गोष्ट, यादी शिबिराच्या आधी करूच नये. तेरा जण आहेत, तेराही येऊ देत. कोण राहील ते मैदान ठरवील.

पहिली गोष्ट सर्वांस पटली. दुसऱ्या गोष्टीवर शांतता पसरली. तेरा जणांतून बारा निवडावयाचे म्हणजे ठरलेली अकरा नावेही पुन्हा तागडीत पडणार. त्या अकरांत मास्तरांचा नातू होता. मुलगा गुणी, पण यंदा अंगाने सुटला आहे, हे सर्वांस दिसत होते. कोणी बोलत नव्हते. मास्तर बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "कायदा केला तो मीच. सरावावरच ठरायचे, तर सगळ्यांचेच ठरू द्या." मेहुण्यांनी त्या दिवशी मास्तरांना पहिल्यांदा नमस्कार केला असावा.

चढाईपटूस निरोप द्यावयास आम्ही स्वतः गेलो. निरोप्याकरवी धाडणे नको वाटले. दुपारी चारचा सुमार. तो नुकताच उठला होता, केसांत अजून सुताचे तंतू. आम्ही वेळ सांगितली. तो खूश झाला, मग एकदम त्याने विचारले, "काका, डावा कोपरामा कोन शे?"

आम्ही चाचरत सांगितले, की ते अजून ठरावयाचे आहे. त्याच्याच जागेवरून वाद होता, हेही सांगून टाकले. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. म्हणाला, "त्याले काढी टाकशात, मंग मी कशाले येऊ? मी बाद व्हयनू, ते माले उठाडी कोन?"

मेहुणे आणि मास्तर यांच्या एका संध्याकाळच्या वादातून आम्हांस जे मिळाले नाही, ते या पोराने दोन वाक्यांत सांगितले. एकटा गडी परक्या अंगणात दम धरून शिरतो, तो मागे आपली माणसे उभी आहेत या भरवशावर. आपणां परमुलखात राहणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. प्रत्येक घरातून कोणीतरी एकजण आधी निघाला, त्याचे नाव झाले. गावाकडचे घर कोणी धरून ठेवले, ते फारसे कोणी विचारीत नाही. चढाई करणाऱ्याने मात्र ते विचारावे.

शिबिर सुरू होऊन आज पाच दिवस झाले. यादी अजून व्हावयाची आहे आणि तेरांपैकी एकास वगळावेच लागणार. तो जो कोणी असेल, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगण्याचे काम आम्ही मागून घेतले आहे. तोवर साडेपाचला आम्ही मैदानाच्या डाव्या बाजूस बसतो. पावसाने रेषा पुसलेल्या असतात. एक मुलगा फक्की घेऊन त्या पुन्हा आखीत असतो, आणि काल पाहिले, रात्रपाळीचा गडी दोरीचे दुसरे टोक धरून उभा होता.