बर्गी आणि फुचका

कोलकात्यात फुचका खायचा तर आधी आपली पाणीपुरी विसरावी लागते. इथे रगडा नाही, गोड चटणी नाही. कुस्करलेला उकडलेला बटाटा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरची, चिंचेचे पाणी आणि गंधराज लिंबाचा वास, एवढ्यावर सारा कारभार. बागबाजारातल्या एका गाडीपाशी, हातात पानाचा द्रोण घेऊन, मी ही तुलना मोठ्याने करू लागलो तेव्हा सोबतचे तिघेही हसले. भाषांतराच्या एका कार्यशाळेत आमची ओळख होऊन दोनच दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी दांडी मारून त्यांनी मला शहर दाखवायला बाहेर काढले होते.

सकाळ कुमारटुलीत गेली होती. पूजेला महिना होता. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या सांगाड्यांवर सुतळीने आवळलेला पेंढा, त्यावर तूस मिसळलेल्या मातीचा थर, त्यावर बारीक मातीचा दुसरा, भेगा बुजवायला चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. डोळे सर्वांत शेवटी. २०२१ साली युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. कारागिरांचे लक्ष मात्र पावसाकडे आणि माती कधी वाळते याकडे होते. मला खिळवून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. रंग आणि डोळे येण्यापूर्वी देवी आणि महिषासुर यांच्यात फारसा फरक नव्हता. तोच पेंढा, तीच माती.

फुचक्याच्या गाडीजवळच एक पाटी दिसली: ‘मराठा डिच लेन’. परक्या शहरात आपले नाव दिसले की मराठी माणसाचे जे होते तेच माझे झाले. मी उत्साहाने छायाचित्र काढले. मैत्रीण शांतपणे म्हणाली, “दादा, तो खंदक तुमच्यामुळेच खणला होता. आणि आमची आजी आम्हाला तुमच्याच नावानं झोपवायची.”

बर्गी म्हणजे आपला बारगीर. घोडा सरकारचा, स्वारी त्याची. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर वारंवार चालून गेल्या. त्या धास्तीने कोलकातेकरांनी खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि पुढे त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. खंदक बुजला, अंगाई राहिली. तिच्यातली आई बाळाला निजवता निजवता बर्गी आल्याचे सांगते आणि सारा कुठून भरायचा या विवंचनेत पडते.

शाळेत मी अटकेपार गेलेले घोडे मिरवले होते. बंगालमधली जळालेली गावे त्या पानांवर नव्हती; ती गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या अठराव्या शतकातल्या बंगाली काव्यात आहेत. १७४२ साली भास्करपंत कोल्हटकरांनी कटव्याजवळ दुर्गापूजा मांडली आणि ती चालू असतानाच अलीवर्दीखानाने हल्ला केला, हेही मी फार उशिरा वाचले. देवी दोघांचीही होती.

ओशाळून मी रवींद्रनाथांचा आधार घेतला. याच भाषेत १९०४ साली ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली गेली, तीही सखाराम गणेश देऊस्करांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने. आणि देऊस्कर तर मराठी घरातले बंगाली लेखक. मित्र म्हणाला, “हो, तीही आम्हाला ठाऊक आहे. पण अंगाई आधी पाठ होते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कार्यशाळेत आम्ही दोन दिवस प्रतिशब्दांवर वाद घातला होता. ‘बारगीर’ला प्रतिशब्द कोशात मिळेल. पण ज्या घरात मुलांना भिववायला तो शब्द वापरला गेला, त्या घरातला त्याचा अर्थ त्या घरी गेल्यावाचून, तिथले कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. आणि ते सांगणाऱ्याने रागाने नव्हे, द्रोण पुढे करत सांगितले, हे माझे भाग्य.

हिशेब झाला. तिघांनीही फुचकावाल्याकडून ‘फाउ’ घेतला, म्हणजे शेवटची फुकटची पुरी. मी संकोचून मागे राहिलो.

“मागा ना,” मैत्रीण म्हणाली. “बर्गी मागत नसत.”

मी हात पुढे केला आणि मागून घेतली.