पिवळे दात

लग्न ठरलं आणि आमच्या मुलीला आपले पिवळट दात खुपू लागले. नाचणगावात सल्ल्याला काय तोटा! राख-मीठ झालं, लिंबू झालं. दात चकाकले खरे, पण गार पाणी लागताच पोर कळवळायची. शेवटी पुलगावहून गाडीने वर्धा गाठलं नि सावंगीच्या दंत महाविद्यालयात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, वरचं कवच झिजलं की आतला पिवळा थर दिसतो. कवच पुन्हा येत नाही." औषधाने दात उजळतात, पण आधी कीड आणि हिरड्या बऱ्या व्हाव्या लागतात, शिवाय तो उजाळा कायमचा नसतो. त्यांनी नुसतं किटण काढून दिलं. मुलगी आरशात पाहून हिरमुसली. नवरदेवाचे दात खर्ऱ्याने रंगलेले. त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.