मोढेऱ्याचें ऊन

सूर्यमंदिर पाहावयाचें एवढ्याच हेतूनें आम्ही गुजराथेंत मोढेऱ्यास गेलों, आणि परतलों तें विजेच्या बिलाचा विचार डोक्यांत घेऊन!

महेसाण्याहून सुमारें २५ किलोमीटरवर, पुष्पावती नदीच्या कांठीं हें गांव आहे. चौलुक्य राजा पहिला भीमदेव याच्या काळीं, इ. स. १०२६-२७ च्या सुमारास, हें देवालय उभें राहिलें. पुढें विस्तीर्ण कुंड, त्याच्या पायऱ्यांवर १०८ लहान देवळें, वर ५२ खांबांचा सभामंडप. विषुवदिनीं उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यांत जावेत अशी त्याची योजना. आज गाभाऱ्यांत मूर्ति नाहीं, पूजाहि नाहीं. ऊन मात्र आहे.

देवळांतून निघून गांवांत शिरलों, तों घरोघरच्या छपरांवर निळसर काळीं पॅनेलें चकाकत होतीं. दि. ९ ऑक्टोबर २०२२ रोजीं हें गांव अहोरात्र सौर विजेवर चालणारें देशांतील पहिलें गांव म्हणून जाहीर झालें. जवळच सुज्जनपुरा येथें ६ मेगावॅटचें केंद्र आहे. दिवसांची वीज रात्रीं पुरावी म्हणून बॅटऱ्याहि आहेत. तेराशेंहून अधिक घरांवर प्रत्येकीं एक किलोवॅटचीं पॅनेलें बसविलीं. सुमारें ८० कोटींचा हा खर्च केंद्र व राज्य सरकारांनीं वांटून घेतला. बिलांत ६० ते १०० टक्के बचत होईल असें सरकारनें तेव्हां सांगितलें होतें.

एका घरीं पाणी मागितलें, तों चहाच पुढें आला. यजमानीणबाईंनीं मोठ्या कौतुकानें मीटर दाखविलें. दुपारीं घरांत पंखा तेवढा चालतो. उरलेली वीज तारेवाटें बाहेर जाते. रात्रीं लागेल ती बाहेरून येते. मीटर दोन्हीं मोजतें आणि फरकाचेंच बिल येतें. बाईंना छपरासाठीं एक पैहि द्यावी लागली नव्हती.

आमचें मन इतक्यांत पुण्याच्या गच्चीवर पोंचलें होतें! पण आमच्या दारीं सरकार आपण होऊन येणार नव्हतें. २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरलें. तीन किलोवॅट म्हणजे निरभ्र दिवशीं साधारण बारा युनिटें. परंतु आधीं संच बसवावयाचा, तपासणी व्हावयाची, आणि मग रक्कम ज्याच्या नांवें मीटर त्याच्या बँकखात्यांत जमा व्हावयाची.

येथेंच घोडें अडलें. आमच्या घरांत माणसें चौदा, पण मीटर एक. आणि तें आमच्या तीर्थरूपांच्या नांवें. ते जाऊन अकरा वर्षें झालीं. नांव बदलण्यांत कांहीं कठीण नव्हतें. पण बिल आलें कीं मातोश्री चष्मा लावून तें नांव वाचीत, म्हणून कोणी हात लाविला नाहीं. त्यांत धाकट्या बंधूंचा प्रश्न: छप्पर सर्वांचें, तर अनुदान एकाच्याच खात्यावर कां? आणि स्त्रीवर्गाची हरकत याहून रास्त होती. तीन किलोवॅटांस सुमारें तीनशें चौरस फूट गच्ची जाते. मग पापड, कुरडया, सांडगे कोठें वाळवावयाचे? सूर्यशक्तीचा उपयोग त्या गच्चीवर कोणत्याहि सरकारच्या आधींपासून चालू आहे, हें आम्हांस कबूल करावें लागलें.

दोन रविवार वाद चालला. शेवटीं मीटर थोरल्या बंधूंच्या नांवें करावयाचें, आणि अनुदान वजा जातां उरणारा खर्च तिघांनीं वांटून घ्यावयाचा असें ठरलें. संमतिपत्रावर मातोश्रींनीं सही केली, शेवटचें जुनें बिल घडी घालून पोथींत ठेवलें, आणि गच्चीची पूर्वेकडील बाजू कुरडयांसाठीं मोकळी राहील असें आम्हां तिघांकडूनहि लिहून घेतलें.