पत्र्याच्या कुंपणामागचे तळे

भाऊबीज आटोपून २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता नातवासह युरोपला गेलो. भाचा नोकरीनिमित्त बेल्जियममधील ॲन्टवर्प येथे असतो. हिऱ्यांच्या व्यापारामुळे आपल्या समाजाला हे शहर अपरिचित नाही. "मामा, मुलाला डिस्नेलँड दाखवल्याशिवाय परत पाठवणार नाही," असा त्याचा आग्रह होता. एके दिवशी पहाटे खाकऱ्यांचे डबे व चहाचा थर्मास घेऊन आम्ही मोटारीने निघालो. बेल्जियमची सरहद्द केव्हा मागे पडली, हे कळलेही नाही. सपाट काळीभोर शेते, मधूनच एखाद्या चर्चचा सुळका आणि वर करडे आकाश, असे तासन्‌तास चालले होते.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ३२ किलोमीटरवर मार्न-ला-व्हॅले हा भाग आहे. साखरेच्या बीटाची शेती हीच येथील जुनी ओळख. आज तेथे भुयारी रेल्वेला जोडणारी उपनगरी गाडी येते, अतिवेगवान गाड्या थांबतात, मोठी बाजारपेठ आहे, हजारोंची वस्ती आहे. हे सारे एका उद्यानाच्या पाठोपाठ आले.

उद्यानाच्या दाराशीच गुलाबी रंगाचे भव्य हॉटेल आहे आणि त्याच्याच खालून आत जाण्याची वाट. पुढे जुन्या अमेरिकन गावाचा देखावा असलेला रस्ता. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दुकानांच्या पाठीमागून, छत असलेल्या लांबलचक वाटा काढल्या आहेत. कॅलिफोर्नियाच्या उन्हात अशा वाटांची गरज नव्हती. येथील पावसाळी थंडी ओळखून त्या मुद्दाम बांधल्या. रस्त्याच्या टोकाला गुलाबी किल्ला आणि त्याच्या तळघरात साखळदंडाने बांधलेला, फुत्कार टाकणारा ड्रॅगन. नातू त्याच्यासमोरून हलायला तयार नव्हता.

दुपारनंतर आम्ही शेजारच्या दुसऱ्या उद्यानात गेलो. पहिल्याच्या मानाने हे लहान, आणि निम्म्या भागात बांधकाम चाललेले. एका बाजूला उंच कुंपण, त्यामागे क्रेन आणि एका कृत्रिम डोंगराचा आकार. तेथे मोठे तळे होणार असून त्याच्या काठी 'फ्रोझन' चित्रपटातील गाव वसणार आहे, असे भाच्याने सांगितले. नातवाने विचारले, "आजोबा, हे उघडणार कधी?" भाचा हसून म्हणाला, "२०२६ म्हणतात. पण आमच्याकडे लोक म्हणतात की पैसे संपले, म्हणून रखडले आहे. खरेखोटे देव जाणे."

हे वाक्य ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालो, कारण नेमके हेच वाक्य गेले वर्षभर आमच्या गावच्या बाजारपेठेत आमच्याविषयी बोलले जात होते.

आमचा भांड्यांचा व्यवसाय तीन पिढ्यांचा. चिरंजीवांनी पुण्यात दुसरे दुकान काढण्याचे ठरवले, जागा घेतली, फलकही लागला. आणि मग कर्जाचा दुसरा हप्ता अडला, काम थांबले. प्रथम कुजबुज झाली, नंतर उघड विचारणा. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून साठ दिवसांच्या उधारीवर माल येई, त्याने मुदत तीस दिवसांवर आणली. दुकान थांबले याचे दुःख नव्हते. पत हलली याचे होते. "काहीही करून अक्षय्य तृतीयेला शटर उघडू, अर्धाच माल ठेवू, पण लोकांची तोंडे बंद करू," असे चिरंजीवांचे म्हणणे होते. त्यावर मी होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता.

त्यामुळे या कुंपणाचा इतिहास जाणून घेण्याची मला ओढ लागली. त्या संध्याकाळी आणि पुढे परतल्यावरही मी जे वाचले, ते व्यापारी कुटुंबांनी समजून घ्यावे असे आहे.

मार्च १९८७ मध्ये डिस्ने कंपनीचे प्रमुख मायकेल आयस्नर आणि फ्रान्सचे तत्कालीन पंतप्रधान जाक शिराक यांनी करारावर सह्या केल्या. स्पेनही या प्रकल्पासाठी उत्सुक होता. परंतु फ्रान्सने जमीन शेतीच्या दराने दिली, रेल्वे आणली आणि बाजी मारली. जमीन थोडीथोडकी नव्हे, तब्बल १,९०० हेक्टरांहून अधिक. म्हणजे खुद्द पॅरिस शहराच्या जवळजवळ एक पंचमांश. तिचा विकास टप्प्याटप्प्याने व्हायचा होता. १९८९ मध्ये 'युरो डिस्ने' कंपनीचे भाग ७२ फ्रँक दराने विक्रीस आले. त्या वेळी पॅरिसच्या शेअर बाजारासमोर निदर्शकांनी आयस्नर यांच्यावर अंडी फेकली, तरीही भाग हातोहात खपले. भाव चढत गेला आणि सामान्य फ्रेंच कुटुंबांनीही त्यात बचत घातली.

१२ एप्रिल १९९२ रोजी उद्यान उघडले. एकूण खर्च सुमारे २२ अब्ज फ्रँक, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. पहिले उद्यान सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्याचे आराखडे तयार होते. चित्रपटनिर्मितीवर आधारलेले हे दुसरे उद्यान १९९० च्या दशकाच्या मध्यास उघडावे, असा बेत होता.

पाहुणे आले, पण हिशेब जुळला नाही. युरोप मंदीत होता. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड, लिरा व पेसेटा घसरले आणि फ्रँक मात्र मजबूत राहिला. त्यामुळे इंग्रज, इटालियन व स्पॅनिश कुटुंबांना हे उद्यान एकाएकी महाग झाले. हॉटेलांत पाच हजारांहून अधिक खोल्या बांधल्या होत्या. परंतु पॅरिस एवढे जवळ असताना लोक एका दिवसात पाहून परतत. हिवाळ्यात तर एक मोठे हॉटेल बंदच ठेवावे लागले. गिऱ्हाइकाची नाडीही ओळखली गेली नव्हती. युरोपीय माणूस सकाळी फारसे खात नाही, अशा समजुतीने न्याहारीच्या जागा लहान ठेवल्या आणि तेथे रांगा लागल्या. जेवणाबरोबर मद्य घेणे ही ज्या देशाची रीत, तेथे उद्यानात मद्य नाही, असा अमेरिकेतील नियम लावला होता. आपणास त्या रीतीशी कर्तव्य नाही. परंतु दुसऱ्या देशात दुकान मांडणाऱ्याने तेथील रीत माहीत करून घेतली नाही, एवढे त्यातून दिसते. १९९३ मध्ये तो नियम बदलण्यात आला.

भागीदारीची मांडणीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूळ अमेरिकन कंपनीचा हिस्सा ४९ टक्के होता. परंतु नाव व पात्रे वापरण्याबद्दलचे मानधन तिला विक्रीवर मिळे, नफ्यावर नव्हे. तोटा झाला तरी तिकिटामागचा तिचा वाटा ठरलेला. धंद्याचा भार ज्याच्यावर आणि ज्याला आधी मिळते तो, हे दोघे वेगळे असले की अडचणीच्या दिवसांत घरात कुरबुर सुरू होते.

१९९३ च्या आर्थिक वर्षाचा तोटा ५.३ अब्ज फ्रँक जाहीर झाला आणि दुसऱ्या उद्यानाचे काम बाजूला ठेवण्यात आले. मग अफवांना ऊत आला. विस्तार थांबला म्हणजे मूळ उद्यानही बंद होणार, असे जो तो बोलू लागला. त्या वर्षाच्या अखेरीस खुद्द आयस्नर यांनीच बंद करण्याची शक्यता नाकारली नाही, आणि ३१ मार्च १९९४ पर्यंतच आपण पैसा पुरवू, अशी मुदत कंपनीने घातली. हा धनकोंवर दबाव आणण्याचा डाव होता, असे आज मागे वळून पाहताना वाटते. परंतु ज्या कामगाराने नोकरीच्या भरवशावर तेथे बिऱ्हाड केले होते, किंवा ज्या पेन्शनरने ते भाग घेतले होते, त्याच्या दृष्टीने तो डाव नव्हता. रात्रीची झोप जाणे होते.

मार्च १९९४ मध्ये सर्व धनको एकत्र बसले. बँकांनी काही काळाचे व्याज सोडले व मुद्दलाचे हप्ते पुढे ढकलले. मूळ कंपनीने पाच वर्षांचे मानधन सोडले. अवघ्या १० फ्रँक दराने नवे भाग काढून जवळपास ६ अब्ज फ्रँक उभे करण्यात आले. सौदी राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांनी मोठा हिस्सा घेतला. ७२ फ्रँकला भाग घेतलेल्या माणसाचे काय झाले असेल, ते सांगण्याची गरज नाही.

फिलिप बुर्गिन्याँ या फ्रेंच गृहस्थांच्या हाती सूत्रे आली होती. त्यांच्या कारकिर्दीत उद्यानाच्या नावात 'पॅरिस' आले, तिकिटाचे दर सुमारे वीस टक्क्यांनी उतरले आणि १९९५ च्या उन्हाळ्यात ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कथेवर बेतलेली मोठी घसरगाडी सुरू झाली. नवे उद्यान नव्हे; आहे त्यातच एक भक्कम भर. त्याच वर्षी कंपनीने पहिला नफा दाखवला, ११४ दशलक्ष फ्रँक. तो लहान होता, पण खरा होता. जे दुसरे उद्यान थांबले म्हणून जग हसले, ते तेव्हा रेटून पुरे केले असते, तर पहिलेही उरले नसते, असे मला वाटते.

आता पुढचा भाग ऐकावा. बरे दिवस येताच जुना बेत कपाटातून निघाला आणि १६ मार्च २००२ रोजी दुसरे उद्यान उघडले. वेळेवर उघडले, पण काटकसरीने. खेळ मोजके, सजावट कमी, चित्रपटाच्या गोदामांसारख्या उघड्या भिंती. लोक अर्ध्या दिवसात पाहून बाहेर पडत. अपेक्षेइतके पाहुणे वाढले नाहीत, कर्जाचा बोजा मात्र वाढला आणि दोनच वर्षांनी पुन्हा धनकोंशी वाटाघाटी सुरू झाल्या. उणीव भरून काढण्यासाठी २००७, २०१० व २०१४ मध्ये एकेक भर घालावी लागली. २०१४ मध्ये मूळ कंपनीला एक अब्ज युरोंचे साहाय्य योजावे लागले, आणि २०१७ मध्ये तिने बाकीचे भाग विकत घेऊन कंपनी शेअर बाजारातून बाहेर काढली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अध्यक्ष मॅक्राँ यांच्या उपस्थितीत दोन अब्ज युरोंचा नवा विस्तार जाहीर झाला. २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने उघडायचा होता. त्यानंतर करोनाची साथ आली आणि उद्याने काही महिने बंदच राहिली. महावीरांचा नवा विभाग जुलै २०२२ मध्ये उघडला. अवकाशयुद्धाच्या चित्रपटांवरचा विभाग मागे पडला. तळ्याकाठचे गाव २०२६ वर गेले. अफवांना जागा मिळाली ती या रिकाम्या वेळेत.

मी कुंपणाच्या फटीतून पाहिले. आत माणसे काम करीत होती. रखडलेल्या कामाला गंज चढतो, गवत उगवते. तेथे तसे काही नव्हते. उशीर झाला होता, पण काम चालू होते. ज्या ठिकाणी आम्ही उभे होतो, ते २००२ चे घाईचे उद्यानच आता उकरून नव्याने घडवले जात होते. बाजारातली जीभ १९९३ च्या उशिराला बुडणे म्हणाली आणि २००२ च्या उद्घाटनाला यश म्हणाली. दोन्ही वेळा ती चुकली.

त्या रात्री ॲन्टवर्पला परतल्यावर मी चिरंजीवांना फोन केला. म्हटले, "अक्षय्य तृतीयेचा हट्ट सोडा. अर्धे दुकान उघडू नका. उद्या त्या घाऊक व्यापाऱ्यांकडे स्वतः जा, वही घेऊन जा. किती कर्ज आहे, किती भरले, हप्ता कशामुळे अडला, ते सारे त्यांच्यासमोर मांडा. फलकावरची तारीख पुसून टाका." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बाबा, लोक हसतील." मी म्हटले, "हसू देत. वही पाहिलेला माणूस हसत नाही."

उधारीची मुदत अजून पूर्ववत झालेली नाही. पंचेचाळीस दिवसांवर आली आहे. पुण्याचे शटर खाली आहे. आत फरशीचे काम सुरू झाले आहे.

जे कुटुंबासह तिकडे जातील, त्यांनी दोन्ही उद्यानांसाठी दोन दिवस ठेवावेत, पावसाचा कोट व घरचा फराळ बरोबर न्यावा, आणि पहिल्या उद्यानातल्या त्या छताखालच्या वाटांवरून एकदा तरी चालावे. नातवाला तळ्याकाठचे गाव पाहायला पुन्हा जायचे आहे. मी त्याला वर्ष सांगितलेले नाही. पूर्ण झाले की जाऊ, एवढेच म्हटले आहे.