नदीच्या डोक्यावरून कालवा
मंडळी, गंगास्नानाला हरिद्वारी गेलात, तर तीसेक किलोमीटरवरचं रुडकी पाहिल्याशिवाय परतू नका. तिथं खाली सोलानी नदी अन् तिच्या डोक्यावरून गंगेचा कालवा वाहतो! काठावर दगडी सिंह राखणीला बसलेत. १८३७-३८च्या दुष्काळानंतर हा कालवा खोदायचं ठरलं, जाणती माणसं हवीत म्हणून १८४७ला इथं कॉलेज निघालं. १८५४ला कालव्यात पाणी सुटलं. कॉलेजचं १९४९ला विद्यापीठ झालं, २००१ला आयआयटी.

इंजिनियर म्हणजे कारखान्यातला, असं आपण धरून चालतो. इथली मुलं भूजल, पूर, गाळ, सांडपाणी शिकतात. म्हणजे तुमची विहीर अन् तुमचा ओढाच की! पोरीलाही सोबत न्या. आणि दहावीनंतर गणित मात्र सोडू देऊ नका, प्रवेश परीक्षेला ते लागतंच.