माझ्या पँटची दुमड

माझ्या वडिलांना आम्ही घरात दादा म्हणतो. दादा चौथीपर्यंत शिकले आहेत. ते ऊसतोडीला जातात. आमच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पुष्कळ माणसे ऊसतोडीला जातात व पाडव्याच्या आसपास परत येतात. आईपण दादांबरोबर जाते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मी व माझी धाकटी बहीण आजीजवळ राहतो. म्हणून दादा आम्हाला वर्षातले सहाच महिने मिळतात. पण त्यांचे बोलणे बारा महिने माझ्याजवळ असते. त्यातले कपड्यांविषयीचे बोलणे मी येथे लिहीत आहे.

दादांजवळ दोन तऱ्हेचे कपडे आहेत. एक कामाचे व एक गावात जायचे. उसाची पाती अंगाला कापतात, म्हणून कितीही ऊन असले तरी फडात ते लांब बाह्यांचा शर्ट घालतात. आई साडीवरून दादांचा जुना शर्ट घालते. त्या शर्टाला इतकी ठिगळे आहेत की मूळचा रंग कोणता ते आजीलाच माहीत! पण गावात निघताना दादांचा थाट पाहावा. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर पांढरी टोपी. आमच्याकडे इस्त्री नाही. आजीच्या पितळी तांब्यात चुलीतले निखारे घालून दादा तो तांब्या शर्टावरून फिरवतात. पायजमा घडी घालून रात्री गोधडीखाली ठेवतात. सकाळी एकदम कडक!

दादा मला सांगतात, "फाटकं चालंल, मळकं नको. फाटकं गरिबीनं असतं, मळकं आळसानं." दुसरे सांगतात, "गुंड्या खालून वर लावीत जा, म्हंजी चुकत नाहीत." तुम्हीपण करून बघा, खरेच चुकत नाहीत. तिसरे, "कपडा झाडल्याबिगर अंगात घालू नको." कारण फडाजवळच्या कोपीत एकदा त्यांच्या शर्टातून विंचू निघाला होता. ही गोष्ट ऐकल्यापासून माझी बहीण आपला फ्रॉक तीनतीनदा झाडते.

२० डिसेंबरला शाळेत गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. बाबा १९५६ साली वारले. ते चिंध्यांचा अंगरखा घालायचे, पण हातात खराटा घेऊन सगळे गाव झाडायचे, असे गुरुजींनी सांगितले. तेव्हा मला दादांचे फाटक्या-मळक्याचे बोलणे आठवले.

आता पँटची गोष्ट सांगतो. मी पाचवीत असताना दसऱ्याला दादांनी मला निळी पँट शिवली. ते शिंप्याला म्हणाले, "आत चार बोटं कापड राहू द्या. पोरगं वाढतंय." सहावीत गेल्यावर त्यातली दोन बोटे उसवली. पँट लांब झाली, पण जुन्या घडीची रेघ दिसू लागली. एका मुलाने ती पाहून "जुनी पँट, जुनी पँट" म्हणून चिडवले. मी घरी येऊन पँट कोपऱ्यात फेकली व नवी पाहिजे म्हणून रडलो. तेव्हा मुकादमाकडून उचल मिळाली होती, पण ती आजीच्या औषधाला व जुन्या देण्याला गेली होती. हे मला मागाहून कळले. दादा रागावले नाहीत. त्यांनी पँट उचलून झाडली, रेघेवर बोट ठेवले व म्हणाले, "लेकरा, ही रेघ लाजायची नाही. मी सहा महिने बघायला नसतो. तू किती वाढलास ते मला हिच्यावरूनच कळतं." मी काहीच बोललो नाही. चार दिवसांनी ते फडावर गेले.

या वर्षी जानेवारीत पँट पुन्हा आखूड झाली. आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. रात्री दादांचा फोन आला तेव्हा मी विचारले. ते म्हणाले, "आधी उसव. मग पाणी शिंपडून तांब्या फिरव. दोरा पँटच्या रंगाचा घे अन् टाके बारीक घाल." मी तसे केले. बोटात दोनदा सुई टोचली व टाके थोडे वाकडे आले. २६ जानेवारीला तीच पँट घालून मी झेंडावंदनाला उभा राहिलो. तिच्यावर आता दोन रेघा आहेत. कोणी हसले की नाही, ते मी पाहिले नाही.

हे भित्तिपत्रक वाचायला आज पालक येतील. त्यांत माझे आई-दादा नसतील. पण पाडव्याला ते घरी आले की दादा आधी माझ्या पायांकडे बघतील व दोन्ही रेघा मोजतील, हे मला माहीत आहे. वाकडे टाके बघून हसतीलसुद्धा! आता आतले कापड संपले आहे. पुढची पँट शिवायला जाऊ तेव्हा शिंप्याला मीच सांगणार आहे, "आत चार बोटं राहू द्या."

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी