आखाजीला पिझ्झा

आमच्या कन्येकडे एक वही आहे. कन्या तेरा वर्षांची. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत फक्त 'पिझ्झा' लिहिलंय. पुण्यात आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा सात ठिकाणचे पिझ्झे तिने खाऊन, गुण देऊन नोंदवले आहेत. बेसला सगळ्यांत जास्त गुण, मग सॉस, मग चीज. एका महागड्या दुकानाला शंभरात बेचाळीस आणि खाली शेरा, "पुठ्ठा".

मी सुरुवातीला हसले. पण नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली हे मला तिच्याकडूनच कळलं. ते लाटणं वापरत नाहीत, गोळा हातांवर ताणून मोठा करतात, हेही. "चीज कुणीही टाकेल गं, बेस येतो का ते बघायचं," असं तिचं मत. हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी, पुढे उपयोगी पडणार आहे.

गेल्या आखाजीला आम्ही माझ्या माहेरी, बऱ्हाणपूरला गेलो. 1956 साली राज्यं पुन्हा आखली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही तापीकाठचे मध्य प्रदेशातच राहिलो. शाळा हिंदीत झाली, पण सणवार खानदेशीच. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. लेकींनी माहेरी यायचं, झोके घ्यायचे, आमरस ओरपायचा आणि आईच्या हातचे खापरावरचे मांडे खायचे.

यंदा मांडे नव्हते. आदल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर गेला. मांड्याला तर मनगटच लागतं. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "या वर्षी पुरणपोळ्या करू." माझ्या वहिनीला मांडे येत नाहीत, मला येत नाहीत. आम्ही दोघी वर्षानुवर्षं आयते खात आलो. आपल्यापैकी किती जणींची हीच गोष्ट असेल, ते मी विचारत नाही.

कन्येने वही आणली होतीच. पहिल्या दोन दिवसांत भाच्याला घेऊन तिने गावातले तीन पिझ्झे पार पाडले. शनवाऱ्याच्या बाजूला एक कॅफे, तिथे तयार बेसवर सिमला मिरची, मक्याचे दाणे आणि भरपूर चीज. शेरा, "पुण्यातलाच पुठ्ठा". मग एक हातगाडी. गाडीवाल्याने बेस तव्यावर बटरमध्ये खरपूस केला, वर झाकण ठेवलं आणि उतरवताना मूठभर बारीक शेव पेरली. पिझ्झ्यावर शेव! मध्य प्रदेशात शेव कशावर पडत नाही ते विचारा. तिने त्याला एकाहत्तर दिले, मला ते फार वाटले. तिसरी बेकरी. पाव स्वतःच भाजतात, त्यामुळे बेस ताजा, जरासा गोडसर. सॉस मात्र नुसतं केचप.

मग गाडी मावा जिलेबीवर आली. माव्याची ही जाड, काळपट जिलेबी आमच्या गावची खूण. रमजानमध्ये मुंबईच्या महंमद अली रोडवर ती बऱ्हाणपूरच्याच नावाने विकतात. माझा भाऊ एका दुकानाचा भक्त, वहिनी दुसऱ्याची, आणि या विषयावर त्यांचं लग्नापासून पटलेलं नाही. कन्येने दोन्हीकडची आणून बश्यांवर खुणा करून डोळे मिटून चाखायला लावली. भावाने वहिनीचं दुकान निवडलं. मग म्हणाला, आज पाकच बिघडलाय.

त्या रात्री भाचा सहज म्हणाला, "दीदी, खरा हवेत फिरवून करतात तो बेस बघायचाय का? इथे रोज करतात."

तो मांड्याबद्दल बोलत होता. पुरणाच्या नाही, दुसऱ्या. बऱ्हाणपुरात मैद्याची एक भली मोठी, रुमालासारखी पातळ रोटी करतात, तिलाही मांडाच म्हणतात. मुसलमान घरांतल्या लग्नाकार्यात ती हवीच. बादशाही फौजांना झटपट खायला घालायला ती निघाली, असं गावात सांगतात. ती जिथे करतात ती गल्ली माझ्या माहेरापासून पायी पंधरा मिनिटांवर. मी त्या गल्लीत कधी गेले नव्हते. कुणी जाऊ नको म्हटलं होतं असं नाही. आपलं काम पडत नाही, एवढंच सगळे म्हणायचे, आणि तेवढं पुरायचं.

सकाळी निघताना आई म्हणाली, "तिथे काय बघायचंय? मैदा तर आहे." कन्या म्हणाली, "आजी, तू चल ना. गुण तू दे." आईने आधी नकार दिला, मग साडी बदलून आली.

गांधी चौकातून जामा मशिदीवरून गेलो. त्या मशिदीत अरबीच्या जोडीने संस्कृत शिलालेख आहे, हे मी लेकीला सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. पुढे गल्लीत एका ओट्याशी भट्टी पेटलेली, तिच्यावर उलटी कढई. साठीचे एक गृहस्थ गोळा थापून एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत होते. दर फेकीला तो वाढत होता. आठ-दहा फेकींत तो त्यांच्या कोपरापर्यंत आला, आरपार दिसायला लागला, आणि कढईवर अलगद पडला.

कन्या वही विसरली. आई मात्र एकटक त्यांच्या मनगटाकडे बघत होती.

"पीठ किती वेळ भिजवता?" तिने विचारलं, मराठीतच. त्यांनी हिंदीत उत्तर दिलं. मग पाणी किती, तेल लावता का, गोळा झाकून का ठेवता असं सुरू झालं. आई म्हणाली, आम्ही पण हातावरच करतो, पण गव्हाच्या सपिटाचे, आणि आत पुरण भरून. ते थांबले. "भर के? फटता नहीं?"

आईला एवढं खूश झालेलं मी महिन्यांत पाहिलं नव्हतं. "फाटतो ना," ती म्हणाली, "शिकेपर्यंत फाटतो."

त्यांनी एक गोळा कन्येच्या हातावर ठेवला. तिसऱ्या फेकीत तिची बोटं आरपार गेली. त्यांनी तिचं मनगट धरून दाखवलं, जोर नको, नुसतं वळवायचं. आई मागून तेच सांगत होती. निघताना त्यांनी पैसे घेतले नाहीत, दोन मांडे घडी घालून कागदात दिले. घरी आल्यावर आईने तो कागद किती तरी वेळ ओट्यावर तसाच ठेवला. मग एक तुकडा तोडून दुधात बुडवून खाल्ला. काही बोलली नाही.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी तिने खापर उतरवायला सांगितलं.

खापराची गोष्ट ठाऊक असेल. मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि कुंभार खापर देईनात, तेव्हा ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. मुक्ताबाईचं मुक्ताईनगर आमच्यापासून काही फार लांब नाही, त्यामुळे आमच्याकडे ही गोष्ट शेजारच्या घरातली असल्यासारखी सांगतात. आईचं खापर मात्र लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेलं, काळं कुळकुळीत.

गच्चीवर विटांची चूल मांडली. सपीट आईने भिजवून घेतलं, डाव्या हाताने आणि माझ्या दोन हातांनी. पाणी लावत, आपटत, पाऊण तास. पीठ ओढलं की दोरीसारखं लांबायला हवं. पुरण मी वाटलं. गोळ्यात पुरण भरून, जरा लाटून, मग हातावर. आई पाटावर बसून नुसती सांगत होती, "कोपर खाली. बघू नको त्याच्याकडे. वळव."

पहिला फाटला आणि पुरण चुलीत पडलं. गच्चीभर जळक्या गुळाचा वास. दुसरा खापरावर पडताना दुमडला. तिसरा मध्ये जाड, कडेला भोकं. नऊ गोळ्यांत दोन मांडे असे झाले की त्यांची चौघडी घालता आली. उरलेले तुकडे भावाने आमरसाबरोबर संपवले. यापेक्षा जिलेबी बरी, असं तो म्हणाला आणि वहिनीने त्याच्याकडे पाहिलं.

जेवणानंतर आईने वही मागितली. चष्मा लावून तिने कन्येचे रकाने नीट वाचले आणि खाली डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत लिहिलं, "पीठ दहात आठ. पुरण दहात पाच, खडे राहिले. हात दहात तीन." पुरणाचे पाच माझ्या नावावर आहेत, नोंद घ्यावी.

निघताना कन्येने खापर पुण्याला नेऊ का विचारलं. आई म्हणाली, "ते गॅसवर बसत नाही. इथेच राहील. करायचं तर तू ये."

गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा बघत होती. भुसावळ यायच्या आधी तिने विचारलं, दिवाळीत आंबे नसतात, तर मांडे कशाबरोबर खायचे?

दुधाबरोबर चालतात, मी म्हटलं.